दादा, तुझं कोरियाचं नाणं

दादा, परवा तुझं बारावं झालं. चाळीच्या गच्चीवर मांडव घातला होता, आणि लोक तुझ्याबद्दल एकेक करून बोलायला उभे राहिले. सगळ्यांचं पालुपद एकच. "माणूस आयुष्यात कधी खोटं बोलला नाही." तुझ्या गिरणीच्या साचेखात्यातला जोडीदार बोलला, दादरच्या दुकानातला मालकाचा मुलगा बोलला, समोरच्या चाळीतले ते गुरुजी तर पाणावल्या डोळ्यांनी बोलले. मी पदर तोंडावर धरून बसले होते. वहिनीला वाटलं मी रडतेय, तिने पाठीवर हात फिरवला. रडत होतेच रे. पण मला हसूही येत होतं, कारण तू एकदा खोटं बोललास, चांगलं ठसठशीत बोललास, आणि ते मला माहीत होतं. तू मात्र समजत होतास की कुणालाच माहीत नाही.

तर आता तू ऐक. आयुष्यभर तू मोठा म्हणून बोललास आणि मी मध्ये मध्ये तोंड घातलं. आता मध्ये तोंड घालायची तुझी सोय राहिली नाही.

सुरुवात बाबांपासूनच करावी लागेल. बाबा बोटीवर खलाशी. वर्ष-दीड वर्षाने घरी यायचे आणि मुक्काम असेपर्यंत गोष्टी सांगायचे. अशाच एका खेपेला आईने शेजारणीकडून विणकाम शिकून त्यांच्यासाठी तपकिरी लोकरीचा स्वेटर केला होता. आपल्या मालवणच्या बाईने जन्मात थंडी बघितलेली नाही, तिने बिचारीने अंदाजाने विणला, एक बाही लांब, एक आखूड. बाबा तो घालून गेले आणि परत आले ते स्वेटरशिवाय. खिशात एक तांब्याचं नाणं होतं, मध्ये चौकोनी भोक, भोकाच्या चारही बाजूंना एकेक चिनी दिसणारं अक्षर. बाबा म्हणाले, कोरियाच्या बंदरात दोरखंडावर बर्फ धरला होता. धक्क्यावर एक म्हातारी सुकी मासळी विकायला बसली होती, अंगावर धड कपडा नाही. बाबांनी स्वेटर काढून तिला घातला. ती मागून धावत आली, कमरेच्या किल्ल्यांच्या दोरीतून हे नाणं सोडवलं आणि बाबांच्या मुठीत कोंबलं. घेतल्याशिवाय सोडेचना.

मला ती गोष्ट इतकी आवडायची की मी ती पुन्हा पुन्हा सांगायला लावायची. पण आपल्याच मजल्यावर आत्माराम राहायचा, तोही बोटीवरचा. तो नळावर सगळ्यांसमोर म्हणाला, असली भोकाची नाणी मी ढिगाने बघितलीत, ती जपानची, आणि तिथल्या बंदरात खलाशांचे स्वेटर कोणत्या बायकांकडे राहतात ते मला विचारा. झालं. चाळीला महिनाभर पुरेल एवढं मिळालं. आई कुणाशी भांडली नाही, घरात येऊन तिने ते नाणं उचललं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. म्हणाली, "देवासमोर ठेवलंय. आता काय खरां काय खोटां ता देव बघात." बाबा खाटेवर बसून होते. त्यानंतर त्यांनी आपल्याला एकही गोष्ट सांगितली नाही, तुला आठवतं का? बोटीवरून यायचे, बॅग ठेवायचे, जेवायचे, झोपायचे. छातीच्या दुखण्याने गेले तेव्हाही तसेच गप्प गेले.

म्हणून ते नाणं कोरियाचं की जपानचं, हा आपल्या घरात नाण्याचा प्रश्न कधी नव्हताच. बाबा खरे की आत्माराम खरा, एवढाच तो प्रश्न होता. तू लहानपणापासून त्यावर दात-ओठ खायचास. पण तुला सवड कुठली, गिरणीत साच्यावर उभं राहायचं, पाळ्या सांभाळायच्या. सवड दिली ती गिरण्यांच्या संपाने.

संपाचे पहिले काही महिने तू रोज सकाळी दाढी करून गेटवर जायचास, जणू कामालाच निघालास. मग दाढी करणं कमी झालं. मग जाणं. भिंतीला टेकून पाय लांब करून बसायचास आणि तुझे हात मांडीवर काहीतरी करत राहायचे, तुटलेला धागा जोडल्यासारखे. मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये चिकटलेली होते म्हणून चूल पेटत होती, आणि त्याबद्दल तू माझ्याकडे बघायचाच नाहीस. तुझ्या ताटात भात वाढताना मला चोरी केल्यासारखं वाटायचं. एके सकाळी आईच वैतागली, "भितीक काय बघतंस रे सारखो? बाहेर जा, माणसां बघ." तू उठलास, देव्हाऱ्यातलं नाणं उचललंस आणि चालत चोर बाजार गाठलास.

संध्याकाळी परत आलास तो चेहरा मी विसरणार नाही. किती महिन्यांनी तुझ्या चेहऱ्यावर राग होता, आणि मला बरं वाटलं. कारण त्याआधी तिथे काहीच नव्हतं.

तिथे तुला हसनभाई भेटले होते, जुन्या नाण्यांची थाळी मांडून बसणारे. त्यांनी भिंग लावलं आणि पहिला प्रश्न विचारला, "भाई, ये सिक्का धोया किसने?" तू म्हणालास, आईने. दर गणपतीला चिंच आणि राख लावून घासते. त्यांनी कपाळावर हात मारला म्हणे. "ऊपर-नीचे का सब गायब, दायें-बायें का बचा है. और ये जो बचा है ना, ये दो अक्षर तो चीन, जपान, कोरिया, सबके सिक्के पे एकसरखे रहते हैं." देश ओळखायचा तो भोकाच्या वरच्या आणि खालच्या अक्षरांवरून. आणि आई नाणं दोन बाजूंनी चिमटीत धरून अंगठ्याने वर-खाली, वर-खाली घासायची, तिची भांडी घासायची पद्धतच ती. नेमकी हवी ती दोन अक्षरं तिने वर्षानुवर्षं धुऊन काढली होती. पाठीमागे कोरियाच्या नाण्यावर टाकसाळीची अक्षरं असतात, जपानच्या नाण्याची पाठ बहुतेक वेळा मोकळी. आपल्या नाण्याची पाठ गुळगुळीत. मुळात मोकळी होती की आईने मोकळी केली, कोण सांगणार?

तू घरात येऊन भांडलास. "आई, आता तरी ते घासू नकोस." आईने तुझ्याकडे असं बघितलं, जणू तू देवाला आंघोळ घालू नकोस म्हणालास. "देवातलो पैसो काळो ठेवू? बाकीचे देव चकचकीत आणि ह्यो एकटोच काळो?" त्या वर्षीच्या गणपतीतही तिने तो घासला. तू जेवला नाहीस. मी आईची बाजू घेतली म्हणून माझ्याशीही बोलला नाहीस.

पण तू पुन्हा हसनभाईंकडे गेलास. जातच राहिलास. कोणती अक्षरं शोधायची ते शिकून आलास आणि आईला शिकवायला बसलास, आपल्या उंबऱ्याशी रांगोळीने काढून. आईला मराठी अक्षर येत नव्हतं आणि तू तिला कोरियाचं शिकवत होतास. भोकाखालचं अक्षर तिने एका दमात पाठ केलं. वर कपाळाची आडवी रेघ, खाली दोन डोळे, मग तोंडाची रेघ आणि मधून लांब नाक. "हा तर माणूसच," म्हणाली. मग तू जपानी नाण्याचं खालचं अक्षर काढलंस, ते बघून म्हणाली, "आणि ह्यो तंगड्यो पसरून खंय पळता?" तू हसलास. संप सुरू झाल्यापासून पहिल्यांदा. शेजारच्या बायका डोकावून बघायला आल्या की आज काय सण आहे.

माझा आणि तुझा वाद तेव्हाच सुरू झाला आणि कधी संपला नाही. मी म्हणायची, दादा, समज कोरियाचं निघालं. तरी बाबांचं काय सिद्ध होतं? कोरियाचं नाणं माणसाला जपानातही मिळू शकतं. आणि जपानचं निघालं तरी म्हातारीच्या किल्ल्यांत जपानचं नाणं नसेल कशावरून? तू चिडायचास. "तुझं डोकं टेलिफोनचं झालंय. तार जोडायची, तार तोडायची. माणूस खरा होता का नव्हता, एवढं सांग." मी म्हणायची, होता. "मग ते नाण्यावर दिसलं पाहिजे," तू म्हणायचास. या तुझ्या हट्टापुढे माझं काही चालायचं नाही.

संप सुटला असंही कुणी म्हणालं नाही, तो विरत गेला. तुला परत घेतलं नाही. तू दादरला साडीच्या दुकानात लागलास आणि तिथे मालकाच्या नाकीनऊ आणलेस. गिऱ्हाईक साडी पसंत करून उठणार, एवढ्यात तू म्हणायचास, ताई, पदराजवळ आडवा धागा तुटलाय, धुतलीत की उसवेल. मालकाने शेवटी तुला गिऱ्हाइकांसमोरून उचलून मागे घड्या घालायला बसवलं. घरी येऊन तू वर मलाच विचारायचास, "शकू, मी चुकीचं काय बोललो?" असा माणूस तू. परवा गच्चीवर ते सगळे उगाच नाही बोलले.

मग आई आजारी पडली. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं तेव्हा आपल्याला कळायचं ते कळलं, तिलाही. दोन दिवसांनी तिने तुला जवळ बोलावलं. "बाबू, त्या पैशाचा काय झाला रे? मरायच्या आधी माका कळाक व्हया. त्या माणसाचा नाक माका स्वतः बघूचा आसा." देव्हाऱ्यातलं नाणं घेतलंस, चप्पल घातलीस आणि गेलास.

आलास ते दुसऱ्या दिवशी दुपारी. तोंड उतरलेलं, पण बोलणं घाईघाईचं. म्हणालास, हसनभाईंनी तेल लावून, उन्हात तिरपं धरून, मोठ्या भिंगाखाली बघितलं. अक्षर सापडलं. आई, कोरियाचं आहे. आणि तू ते तिच्या हातात ठेवलंस. मी चहा गाळत होते. मला आधी वास आला, चिंचेचा. तुझ्या बोटांना येत होता, आणि नखांच्या कडा काळ्या पडल्या होत्या. जुनं नाणं धुणं म्हणजे पाप, असं मला वर्षानुवर्षं ऐकवणारा माझा भाऊ कुठेतरी बसून चिंचेने नाणं घासून आला होता.

आईने नाणं चिमटीत धरलं. अंगठा वर नेला, खाली आणला. पुन्हा वर, पुन्हा खाली. तू श्वास रोखून बसला होतास, मला दिसत होतं. मग तिने ते डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाली, "हां. दोन डोळे, मध्ये नाक. कोरियाचोच." आणि लगेच, अंगात ताकद नसताना, "त्या आत्मारामाक बोलव." आत्माराम तेव्हा काठी टेकत चालायचा. आला, चष्मा लावला, नाणं उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाला, "असेल बाबा. मी तरी काय, ऐकीव बोललो असेन." गॅलरीत दहा माणसं ऐकत उभी होती. आई उशीला टेकली. तू मोरीत जाऊन नळ सोडलास आणि बराच वेळ बाहेर आला नाहीस.

त्यानंतर आठवड्याच्या आत आई गेली. तुझ्या मांडीवर गेली, शांतपणे.

मग आपण दोघंच उरलो, या गोष्टीपुरते. मी तुला किती वर्षं डिवचलं. "दादा, इतकी वर्षं घासलेलं अक्षर तेलाने परत उगवतं का रे?" तू पेपर उघडायचास. "दादा, हसनभाईंना विचारून येऊ का मी एकदा?" तू म्हणायचास, "तुला दुसरे उद्योग नाहीत?" गणपतीच्या आदल्या दिवशी देव घासायचं काम आईनंतर वहिनीकडे आलं, तेव्हा तू ते नाणं तिला देताना बघायचासही नाहीस. बाकी सगळ्या देवांना हात जोडायचास, त्या नाण्यापाशी आलास की हात खाली. मला ते बघवायचं नाही. मला वाटायचं, तू आपणहून सांग, म्हणजे माझ्याकडे आहे ते मलाही सांगता येईल. तू सांगितलं नाहीस, आणि तुझ्या आधी मी सांगावं हे मला कधी जमलं नाही. दोघंही एकाच आईची पोरं.

परळच्या हॉस्पिटलात त्या दिवशी तू नाकावरची नळी बाजूला केलीस. म्हणालास, "शकू, ते आईचं नाणं... मी..." आणि खोकल्याची उबळ आली. डॉक्टर नुकतेच दटावून गेले होते, यांना बोलू देऊ नका. मी नळी परत लावली आणि म्हणाले, नंतर सांग, आता पडून राहा. तू मान हलवलीस. तुझ्या डोळ्यांच्या कडेने पाणी गेलं, ते मी पुसलं. माझं नशीब बघ. जन्मभर लोकांचं बोलणं जोडून देणारी बाई मी, आणि ज्या एका वाक्याची वाट बघितली ते आलं तेव्हा मीच लाइन तोडली.

तू गेल्यावर नर्सने तुझं सामान कागदी पिशवीत दिलं. घड्याळ, चष्मा, आणि कापलेला करगोटा, जो तू कमरेला बांधायचास. त्याच्या गाठीत चौकोनी भोकाचं एक नाणं ओवलेलं होतं, भोकाच्या वर-खाली गुळगुळीत, पाठीमागेही गुळगुळीत. वहिनी म्हणाली, "हे कसलं? ताईत होता तो, लग्नापासून... नाही, सासूबाई गेल्यापासून. मला कधी हात लावू दिला नाही." मी म्हटलं, असेल काहीतरी. मला कळलं होतं. बाबांचं खरं नाणं तू फेकलं नव्हतंस, लपवलंही नव्हतंस, अंगावर घेऊन फिरलास. त्याचं तुला काय कळलं होतं, हसनभाई तुला काय म्हणाले होते, जपानचं की काहीच नाही, ते आता तुझ्याबरोबर गेलं. मी कुणाला दाखवायला नेणार नाही. मला नको आहे ते उत्तर.

मला तुला जे सांगायचं आहे ते वेगळंच आहे. आत्माराम नाणं बघून गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी तू कामावर गेलास आणि मी आईचे केस विंचरत होते. ती म्हणाली, "शकू, ह्यो आपलो पैसो न्हय गो."

माझा हात थांबला. ती म्हणाली, "माझ्या आंगठ्याक कळता. इतकी वर्षां घासलंय. खंय खळगो, खंय कड, सगळा म्हायत आसा. ह्यो नवो कोणाचो तरी."

मी म्हटलं, मग काल बोलली का नाहीस? आत्मारामाला कशाला बोलावलंस?

"माझो झील जन्मात कधी खोटा बोललो नाय. पयल्यांदा बोललो तो माझ्यासाठी. कसो कापत होतो बघितलंस मा? तेका तोंडावर पाडू?" मग म्हणाली, "आणि तुझ्या बापाशीक वळखूक माका पैसो कशाक व्हयो? मी तुमच्यासाठी विचारी होतंय. तुम्ही दोघां त्या गजालीक धरून बसलास म्हणान."

मी रडायला लागले. ती म्हणाली, "रडतंस कित्याक? ती बाय कोरियाची असांदे नायतर जपानची. थंडी तर तिकाय वाजली असतली."

आणि मग तिने माझ्याकडून वचन घेतलं. "बाबूक सांगू नको. तेना माका फसवल्यान, ह्या तेका बरा वाटता, तर वाटांदे."

पण ते तुला बरं वाटत नव्हतं, दादा. तेवढं एकच आईला कळलं नाही.